शून्य वर, शून्य खाली

३ जुलै
मुलीचा गणिताचा क्लास बंद केला. बाप घरात असताना बाहेरचा माणूस कशाला? लिमिटचा धडा मी शिकवणार. उद्यापासून. वीसला चाचणी. नापास झाली तर सायन्स सोडावं लागेल, असं कॉलेजातल्या बाई म्हणाल्या. माझ्या हाताखाली नापास?

५ जुलै
काल डोकं दुखत होतं. आज सुरुवात. सोपं आहे. एक्सच्या जागी किंमत घालायची, उत्तर तयार. तीन गणितं फटाफट. बायकोला बोलावून दाखवली.

६ जुलै
वर एक्सवर्ग वजा चार, खाली एक्स वजा दोन. एक्स दोनकडे जातोय. दोन घातले. वर शून्य, खाली शून्य. सारखंच आहे, म्हणजे उत्तर एक. पुस्तकात चार. छपाईची चूक.
मुलगी म्हणाली, बाबा, आधी वरच्याचे अवयव पाडायचे. एक्स वजा दोन वर-खाली उडतो, उरतो एक्स अधिक दोन. म्हटलं, शून्याला उडवतेस कशी? म्हणे, एक्स दोनच्या जवळ जातो, दोन होत नाही. म्हटलं, मग शेवटी दोन घालतेस कशाला? वही मिटून उठली. पटलं तिला.

१० जुलै
हल्ली संध्याकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. माझी पद्धत तिलाही शिकवत असणार.

२३ जुलै
पंचवीसपैकी तेवीस! ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. साहेबांनी विचारलं, कोणी शिकवलं? नुसता हसलो.

२४ जुलै
पेपर पाहिला. प्रत्येक गणितात अवयव पाडलेले. खडसावून विचारलं. मैत्रीण-बित्रीण काही नाही. काका! माझा सख्खा धाकटा भाऊ, ज्याने चारचौघांत माझ्या बेरजेतली चूक काढली म्हणून मी त्याचं तोंड बघत नाही, तो! बायकोला माहीत. आईलाही माहीत. गुडघे दुखतात म्हणून माझ्याबरोबर बाजारात न येणारी आई नातीला तिकडे सोडायला जायची. घरात मी एकटाच परका. जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

२५ जुलै
जाब विचारायला धाकट्याच्या घरी गेलो. मुलगी पुढचा धडा शिकत बसलेली. टेबलाशी खुर्च्या तीन. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, ये दादा, बस. विचारलं, ही तिसरी कोणाची? म्हणाला, तुझीच. वहिनी म्हणाल्या होत्या, आज ना उद्या भांडायला येतील, तेव्हा त्यांनाही शिकवून टाका.
बसलो.