वाक्य पुरं होईपर्यंत

प्रिय कालिना,

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर माझा शब्द अडकला की तू तो पुरा करून टाकतेस, आणि तू पुरा केलेला शब्द बहुतेक वेळा माझा नसतोच. कागदावर मी तोतरी नाही. तेव्हा एकदा शेवटपर्यंत वाच.

इकडे आलुबुखाराची झाडं फुललीत. योर्दांका मावशीचा गुडघा पुन्हा सुजलाय, पण जीभ शाबूत आहे. मी बरी आहे. रोज बाजारात जाते. हे तुला साधं वाटेल. तुझे बाबा होते तोवर दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये तेच माझ्याऐवजी बोलायचे. ‘तू राहू दे, मी सांगतो.’ किती मायेनं म्हणायचे! त्या मायेनं मला संसारभर मुकी ठेवलं. ते गेले आणि मी चीजवाल्या गेंचोसमोर बोट दाखवत उभी राहिले. तो म्हणाला, ‘काय गं दोन्का, तोंड काय नवऱ्याबरोबर पुरलंस?’ रांगेतल्या बायका हसल्या. दोघीजणी तर तुझ्या बाबांच्या दफनाला आल्या होत्या. मी चीज न घेताच घरी आले आणि कोरडा पाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. धैर्य वगैरे काही नव्हतं, नुसता संताप होता. ‘पांढरं चीज’ मागताना ‘पांढरं’वरच अडकले. गेंचोनं मान हलवत कोंबडीसारखा आवाज काढला. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिले आणि शब्द पुरा केला. चीज घेऊन घरी आले. मग ठरवलं, रोज एका तरी परक्या माणसाशी एक पुरं वाक्य बोलायचं. पोस्टातली बाई मी बोलताना नखं बघायची. बसमध्ये एका पोरीनं माझ्यासमोरच मैत्रिणीला माझी नक्कल करून दाखवली, आणि चांगली जमली होती तिला. तोतरेपणा तसूभरही गेला नाही, कालिना. कुणी हसलं की गप्प बसायची सवय तेवढी गेली.

त्याच जोरावर मी तुझ्या लग्नात उभी राहिले. तू आधी बजावलं होतंस, ‘आई, चार शब्द मावशी बोलेल. तू नुसती छान दिस.’ तरी उठले. वाक्य एकच होतं, हिवाळाभर स्वयंपाकघरात घोकलेलं. तुझ्या नावावरच अडकले. क, क, क. तुझे सासरे ग्लास उंचावून ओरडले, ‘विहीणबाई, उरका, वाइनचं व्हिनेगर होतंय!’ सगळा हॉल हसला. तूही हसलीस. तुझं हसू मला शंभरांत ओळखू येतं, मीच तुला गुदगुल्या करून शिकवलंय ते. मग तू बँडवाल्याला हातानं खूण केलीस. तुला वाटलं, मी पाहिलं नाही. ढोल सुरू झाला, माणसं उठून नाचायला गेली, आणि मी रिकाम्या खुर्च्यांना उरलेलं वाक्य सांगितलं. ‘कालिना, तुझ्या घरात कुणाला कुणाची भीती वाटू नये.’ तू ते ऐकलं नाहीस, म्हणून आज लिहून पाठवतेय.

परवा तुमच्याकडे फोन केला तो रादानं उचलला. चार वर्षांची पोर, आणि तिच्या तोंडून एक शब्द निघेना. नुसता श्वास ऐकू येत होता. मी थांबले. मला थांबता येतं. मग ती म्हणाली, ‘आ, आ, आजी, मी आता बोलतच नाही. म्हणजे बाबा टाळ्या वाजवत नाहीत.’ मी विचारलं, कसल्या टाळ्या? अडकलीस की बाबा टाळ्या वाजवतात, आणि नीट बोलेपर्यंत आई ताट देत नाही, असं ती म्हणाली. हे एवढं सांगायला तिला फार वेळ लागला, आणि तेवढ्यात तू फोन हिसकावून घेतलास. ‘ईस्टरला येऊ नकोस, आई. तिला हे तुझ्यामुळेच लागलंय. आलीसच तर तिच्यासमोर तोंड उघडू नकोस.’ लागलं असेल माझ्यामुळे. रक्त माझंच आहे. पण टाळ्या माझ्या नाहीत. मी शनिवारच्या बसनं येतेय. तुझ्या टेबलाशी बसून रादाला विचारणार आहे, बाळा, काय वाढू? ती सांगेपर्यंत मी थांबेन, आणि तुम्ही दोघंही थांबाल. तुझ्या नवऱ्यानं, ल्युदमिलनं, टाळ्या वाजवायला हात उचलला तर तो धरायला मी तिच्या शेजारीच बसलेली असेन. दार उघडलं नाहीस तर जिन्यात उभी राहून बोलेन, तिला आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, अडकत अडकत, तुझ्या सगळ्या शेजाऱ्यांसमोर. लाज तुला वाटेल. मला आता वाटत नाही.

तुला नको असले तरी तुझीच,
आई