गुरुवारचा फ्रिज

१७ मे २००३, शनि.
काल लिहिलेलं खोडते. प्रसूतिगृहातल्या आयाबाई सरूमावशींनी औषधांच्या फ्रिजचा प्लग काढला नव्हता, काढला तो स्टरिलायझरचा. मी न बघता त्यांचं नाव घातलं. आज चहा त्यांनीच आणून दिला, आलं घालून.
फ्रिज ठीक आहे. वीज गेली तरी जनरेटरवर चालतो. मग परवा त्या बाळंतिणीचं रक्त लवकर का थांबेना? इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यावं लागलं. बाई आता बऱ्या आहेत. मुलगी झाली. सकाळी माझ्याकडे बघून हसल्या. डॉक्टरबाईंचे उपकार.

१९ मे, सोम.
त्याच इंजेक्शनचा नवा खोका आला. मामांच्या औषधांच्या दुकानातून, नेहमीसारखा स्कूटरवर, कापडी पिशवीत. बर्फ नाही. हात लावला तर चक्क गरम. वर ठळक छापलंय, दोन ते आठ अंशांत ठेवा. कुपीतलं औषध मात्र स्वच्छ, पाण्यासारखं. उष्णतेने ताकद गेली तरी डोळ्यांना दिसत नाही.
डॉक्टरबाई रागावतील वाटलं. म्हणाल्या, "बरं झालं हात लावलात. मी नुसती सही केली असती." खोका बाजूला ठेवला, दुसरीकडून बर्फातला मागवला. मग, "मामांना तुम्ही सांगताय की मी फोन करू?"
मी सांगते म्हटलं.

२० मे, मंगळ.
फोन उचलला, ठेवला.
बाबा गेल्यावर मामांनीच सांभाळलं. अक्षरं त्यांच्या काउंटरवर शिकले, औषधांच्या खोक्यांवरून, शाळा नंतर. 'ख' काढायला खोकल्याचं औषध समोर ठेवायचे. डी. फार्मलाही त्यांनीच घातलं, म्हणून आज प्रसूतिगृहाची औषधं माझ्या हाती. त्यांना मी काय शिकवू?

२५ मे, रवि.
नारायण पेठेत मामांकडे जेवायला. आमरस. शुभा, त्यांची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. नाव आमच्याकडेच घातलंय. मामीने तिच्याआधी माझी वाटी भरली.
मामांना हळूच विचारलं, गुरुवारी दिवसभर वीज नसते, तेव्हा दुकानातल्या फ्रिजचं काय करता?
"काय करणार? गुरुवारी मीही झोपतो, तोही झोपतो. संध्याकाळी दोघं उठतो."
सगळे हसले. मीही. आणि आमरस पुन्हा वाढून घेतला.

२६ मे, सोम.
शुभाला आमच्याकडचं बर्फातलं इंजेक्शन मिळेल. म्हणजे गप्प बसता येईल. हा विचार आला, म्हणून लिहून ठेवते. पण मामांचा माल आणखी चार प्रसूतिगृहांत जातो. तिथे खोक्याला कोण हात लावून बघतं?
शुभाचं नाव काढून मामांना घाबरवायचं नाही. ती आली नसती तरी हे सांगायलाच हवं होतं. पण मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं तर…

२७ मे, मंगळ.
सरूमावशींना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मामाच ना? भांडले तरी जेवायला बोलावतीलच." किती हलकं वाटलं.
डॉक्टरबाईंनी अर्धा दिवस रजा दिली. फ्रिजचा थर्मामीटर नेऊ का विचारलं. "न्या. परत आणा."
वीज गेलेली असतानाच दुकानात जायचं. थर्मामीटर त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवीन, तासाभराने आकडा मामांनाच वाचायला सांगेन. आधी एक शब्द बोलणार नाही. परवा. गुरुवार, २९ मे.