करंजडोहचे मासे

॥ श्री ॥
पुणे, ता. २ एप्रिल १९७२

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. डॉक्टरीणबाईंनी जूनचा दुसरा आठवडा सांगितला आहे आणि मला जिना चढण्या-उतरण्याची बंदी केली आहे. तेव्हा यंदा माहेरी येणे नाही. पण मी येत नाही म्हणून तू सुटलास असे समजू नकोस. माझ्याऐवजी लीनाला पाठवते आहे, आणि ती काही नुसते आमरस ओरपायला येत नाही. तिला पोहायला शिकव.

पानशेत फुटले तेव्हा ही तीन महिन्यांची होती. तिला छातीशी धरून मी शेजारच्या गच्चीवर उभी होते आणि पाणी जिन्याची एकेक पायरी चढत होते. त्या वेळी माझ्या मनात देव आला नाही, की हे आले नाहीत. मला दोन हात मारता येत नाहीत एवढेच मनात येत राहिले. मास्तर, अख्ख्या गावाची पोरे तुमच्या भोपळ्यांवर तरली, आणि सख्खी बहीण घाटावर बसून तुमचे सदरे सांभाळत राहिली. मुलीच्या जातीला पोहणे कशाला, असे बाबा म्हणाले होते. तुझ्या सदऱ्याला वाळू लागली तर बोलणीही मीच खायची. लीनाने कोणाचे कपडे सांभाळत बसायचे नाही, हे मी ठरवले आहे.

आईची छाती कशी आहे? बाबांची तार आली त्याला बारा वर्षे झाली, तरी पोस्टमन दिसला की ती अजून उंबरठा धरते, असे वहिनीने लिहिले होते. तिला जप. वहिनीला नमस्कार, आणि तुझ्या मायेला आम्ही मायलेकी नेहमीच्याच हक्काने उभ्या आहोत.

तुझी,
विजू

॥ श्री ॥
करंजडोह, ता. कोपरगाव
ता. ५ मे १९७२

चि. सौ. विजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परीक्षांच्या पेपरांत मान वर काढायला सवड नव्हती, म्हणून पत्रास उशीर. तुझी कन्या तब्येतीने मजेत आहे. पहिल्याच दिवशी तिने मला विचारले की मामा, तुमच्या मिशा पाण्यात भिजल्या की खाली येतात का. ही जीभ तिने कोठून घेतली हे मी सांगायला नको.

यंदा आपल्या घाटावर एक नवल चालले आहे. आपण लहानपणी लाह्या टाकून टाकून दमायचो तरी जे देवाचे मासे तळातून हलत नसत, ते आता आपण होऊन वर येतात. सकाळी ऊन पडायच्या आत डोहभर नुसती तोंडे. उघडतात, मिटतात. तळहातावर लाही धरली तर बोटांना ओठ लावतात. त्यातून यंदा वैशाख अधिक, त्यामुळे पंचक्रोशीतली माणसे स्नानाला लोटली आहेत. नदी प्रसन्न झाली असे गुरव सांगत सुटला आहे. गुरवाच्या बोलण्यावर मी सहसा मान डोलवत नाही हे तुला ठाऊक आहे, पण ते दृश्य पाहून माझेही हात जोडले गेले.

पाणी मात्र थोडे तांबूस झाले आहे, कोऱ्या चहासारखे. गेल्या साली पावसाने ओढ दिली, त्यामुळे धार अशी राहिलीच नाही, डोहात साठले आहे तेवढेच. वरच्या अंगाला नवा साखर कारखाना निघाला आहे, त्याच्या मळीचे पाणी उतरते असे काही जण म्हणतात. मी ओंजळभर चाखून पाहिले. गोडसर लागले. गोदावरीचे पाणी गोड झाले याची तक्रार मी कोणाकडे करू? धुणे धुणारी बनुबाई तेवढी तोंड वाकडे करून असते. तिचे म्हणणे असे, की मासं काय देवापायी वर आलं न्हाईत, धापा टाकत्यात, आन् म्हशीबी आता हितं पानी पीत न्हाईत. मी तिला म्हटले की म्हशींना अधिक महिन्याचे पुण्य लागत नाही. सगळा घाट हसला, ती हसली नाही.

शिकवणी रिवाजाप्रमाणे अक्षय्यतृतीयेला सुरू होईल. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आधी नदीची एक ओंजळ प्यायची आणि मग उतरायचे, म्हणजे नदी ओळख ठेवते. लीनाचा भोपळा मी स्वतः पारखून ठेवला आहे. तू काळजी करू नकोस. तेवीस वर्षांत या डोहाने माझे एक पोर घेतलेले नाही. भोपळा मोकळा दिसला की मी पाण्याखाली, आणि डोळे उघडे ठेवले की तळाचा खडान् खडा दिसतो.

आई ठीक. तू सांभाळून राहा. मामेपणात काही कमी पडणार नाही एवढा भरवसा असू दे.

तुझा,
नृसिंह

ता. क. आई, मी लीना. सगळे म्हणतात मासे हसतात. मला वाटते ते काहीतरी सांगताहेत. पंधरा तारखेला, सोमवारी, मी पोहणार.

॥ श्री ॥
पुणे, ता. १० मे १९७२

ती. दादास,
शि. सा. न.

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी हातातले काम टाकून वाच.

तुझे पत्र आज दुपारी आले. शेजारचे सुमंतराव घरीच होते, त्यांना मी ते कौतुकाने वाचून दाखवले. ते नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याकडे आहेत, दिवसभर बाटल्यांतून पाणीच तपासतात. माशांच्या तोंडांपर्यंत आले तोवर ते हसत होते. मग त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि तेवढा भाग मला पुन्हा वाचायला लावला.

दादा, ते म्हणतात की माशाला पाण्यातला श्वास लागतो. मळी पाण्यात कुजते आणि तो श्वास खाऊन टाकते. मग मासे मरायच्या आधी वर येऊन हवेला तोंड लावतात. पहाटे आणि सकाळी ते जास्त दिसतात तेही त्यामुळेच. बनुबाई म्हणते ते अक्षरशः खरे आहे, ते धापाच टाकताहेत. असे पाणी पिऊ नये, त्यात अंगसुद्धा बुडवू नये, आणि पोहायला तर मुळीच उतरू नये, कारण वितीखाली काय आहे ते दिसत नाही. एक दिवस मासे वर दिसायचे बंद होतील, तेव्हा ते खाली गेले असे समजू नका, असेही ते म्हणाले.

माझा हट्ट मी मागे घेते. लीनाला घाटावर पाठवू नकोस. ती रडेल, रडू दे. तूही उतरू नकोस, आणि कोणाच्याच पोराला उतरू देऊ नकोस. तुला हसतील. बनुबाईला हसले तसे हसू देत.

ह्यांना म्हटले की जाऊन तिला घेऊन या, तर रजा नाही म्हणतात. तार करायला मी सुमंतरावांना पोस्टापर्यंत पाठवले होते, पण ते फाटकाशी पोचले आणि मीच परत बोलावले. तार पाहून आईचे काय होईल हे डोळ्यांपुढे आले. बाबांच्या वेळी तर ती तार फोडायच्या आधीच पडली होती. म्हणून पत्रच टाकते. तुमचे टपाल मंगळवारी आणि शुक्रवारी. शुक्रवारचे साधले पाहिजे. अक्षय्यतृतीया सोमवारी आहे.

माझ्यावर जीव असेल तर एवढे ऐक.

तुझी,
विजू

॥ श्री ॥
करंजडोह, ता. १७ मे १९७२

चि. सौ. विजूवन्सं यांस,
अनेक आशीर्वाद.

लीना सुखरूप आहे. तिचे वडील काल रात्री उशिरा येथे पोचले, उद्या तिला घेऊन निघतील. थोडा ताप होता, तो उतरला. तुमचे पत्र पोचले.

ह्यांच्या उजव्या हाताला लागले आहे. लिहिता येत नाही म्हणून मी लिहिते. काळजीचे कारण नाही. सासूबाई ठीक आहेत, झोपून असतात.

शिकवणी बंद केली आहे. तुम्ही मनाला काही लावून घेऊ नका, या दिवसांत चांगले नसते. वेळेवर जेवा. आमची आठवण असू द्या.

तुमची,
वहिनी

॥ श्री ॥
पुणे, ता. ३० मे १९७२

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

लीना घरी आली त्याला अकरा दिवस झाले. दोरी ओढलेल्या भोवऱ्यासारखी असायची, आता माझ्या पदराला धरून असते. आंघोळीला बादली भरली की आधी वाकून तळ बघते, मग तांब्याने पाणी घेते. मामाचे काय चालले आहे विचारले की वडिलांच्या तोंडाकडे बघते. ह्यांची रजा म्हणे मिळत नव्हती, आणि सोळा तारखेला भर दुपारी कचेरीतून आले, पिशवी भरली आणि निघालेसुद्धा. सुमंतराव हल्ली जिन्यात भेटले तर चप्पल शोधत बसतात.

दादाचा उजवा हात दुखावला हे मी मान्य करते. पण तो डाव्या हातानेही फळ्यावर लिहितो आणि पोरांपुढे मिरवतो, हे तुला काय मी सांगायचे? दोन ओळी वाकड्यातिकड्या खरडून मला चिडवल्याशिवाय तो राहिला असता का?

आणि वहिनी, तुझ्या पत्राखाली नुसते 'वहिनी' आहे. लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून तू 'सौ.' घातल्याशिवाय नाव लिहिले नाहीस, वाण्याच्या यादीखालीसुद्धा. तुझ्याकडून राहून गेले असेल असे मी तीन दिवस स्वतःला समजावले. आज पत्राला बसले तर तुझ्या नावामागे ते घालायला माझाच हात धजेना.

मी मोठ्यांपैकी कोणालाच विचारलेले नाही. सगळ्यांनी माझ्यासाठी तोंड बंद ठेवले आहे, तर मीही पोटातल्यासाठी ठेवते. तुला कोणी शपथ घातली असेल तर तू मोडू नकोस. फक्त दादा असेल तर त्याच्या हातची एक रेघ पाठव. नसेल तर माझी सुटका होईपर्यंत काही पाठवू नकोस.

तुझीच,
विजू

॥ श्री ॥
करंजडोह, ता. २८ जून १९७२

चि. सौ. विजूवन्सं यांस,
अनेक आशीर्वाद.

मुलगी झाल्याचे कळले. दोघी खुशाल आहात हे वाचून या घरात कितीतरी दिवसांनी बरे वाटले. तुमच्या यजमानांनी आता सांगायला हरकत नाही असे कळवले आहे. पण तुम्ही तर तेव्हाच ओळखले होते. मला 'सौ.' लिहिता आले नाही, वन्सं. खोटे बाकी सगळे लिहिले, तेवढे एक लिहिता आले नाही.

अक्षय्यतृतीयेच्या सकाळी डोहात एकही मासा दिसला नाही. उन्हामुळे खाली गेले असतील, असे हे म्हणाले. सगळ्यांनी ओंजळ घेतली. लीनाने तोंडात घेऊन थुंकून टाकली, त्यावरून हे तिला रागावलेसुद्धा. मग पोरे उतरली.

लीनाच्या भोपळ्याची गाठ सुटली तेव्हा हे पलीकडच्या पोराला धरून होते. ती एकदा खाली गेली आणि पायरीपाशीच वर आली. बनुबाई लुगडे खळबळत होती, त्याचा पदर लीनाच्या हाती लागला. बनुबाईने तिला ओढून घेतले आणि त्याच लुगड्यात गुंडाळून वर नेले. एवढ्यात ह्यांनी मागे वळून पाहिले, तर मोकळा भोपळा. त्याच क्षणी बुडी मारली.

पोर वर हाय मास्तर, पोर वर हाय, म्हणून सगळा घाट ओरडत होता. हे वर यायचे, तोंड उघडून श्वास ओढायचे आणि कानातले पाणी निथळायच्या आत पुन्हा खाली. चार वेळा आले. पाचव्यांदा आले नाहीत. दोघे उतरले, पण त्या पाण्यात आपला हात आपल्याला दिसत नव्हता. पूर्वीचे पाणी असते तर ह्यांना तळ दिसला असता, आणि तळाशी कोणी नाही हेही दिसले असते. लीना लुगड्यातून बघत होती. तिला म्हणावे, यात तुझे काही नाही. रोज म्हणा.

तुमच्या पत्राचे शुक्रवारचे टपाल हुकले, ते मंगळवारी आले. त्याच दिवशी सगळे मासे पांढरी पोटे वर करून काठाला लागले होते. मी पत्र फोडले. तारेचे वाचून तुमचा राग आला, हे लपवत नाही. मग सासूबाईंकडे पाहिले. त्यांच्या भीतीने मीही आदल्या दिवशी तुमच्या यजमानांना कचेरीत तार केली ती गावातून केली नाही, शेजारच्या आसारामला सायकलवर कोपरगावला पाठवून केली. तुमच्या जागी मीही पत्रच टाकले असते.

आता पुढचे ऐका. पाऊस अजून नाही. डोह तसाच आहे. लोक म्हणतात, डोहाला माणूस हवे होते, ते मिळाले, आता भीती नाही. कारखान्याकडे दोनदा माणसे जाऊन आली, त्यांना चहा मिळाला. परवापासून पोरे पुन्हा उतरायला लागली आहेत.

म्हणून मी सकाळी घाटावर जाऊन बसते. महिना-दीड महिना झाला नाही तर बाई चव्हाट्यावर बसली, असे बोलतात. बोलू देत. बनुबाई शेजारी बसते. जो उतरायला येतो त्याला मी तुमचे दहा मेचे पत्र वाचून दाखवते. काही जण ऐकून परत जातात, काही कान झाकून उतरतात.

पण रोज उघडून मिटून कागद घड्यांवर फाटला आहे आणि घामाने शाई पसरली आहे. सुमंतराव काय म्हणाले ते तर आता वाचताच येत नाही. तेवढे पत्र मला पुन्हा लिहून पाठवा. अक्षर मोठे काढा. आणि या खेपेस तुम्हाला वेळ आहे, पण लवकर पाठवा.

बाळाला माझा आशीर्वाद, आणि तुमच्या मनात माझी जागा होती तेथेच असू द्या.

तुमची,
वहिनी