सरांचे गुरुवार

७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

सर गेले. सकाळी सव्वासहाला, बोरीत, स्वतःच्या घरी, स्वतःच्या खाटेवर.

मला कळलं साडेनऊला. तेही कुणाच्या तरी स्टेटसवरून! जुन्नरच्या नौशाद बाइंडरचं स्टेटस. सरांचा हसरा फोटो, खाली दोनच शब्द — 'माझे सर'. वेळ सहा चाळीस.

म्हणजे त्याला पंचवीस मिनिटांत कळलं. मला सव्वातीन तासांनी. कुणी कळवलं त्याला? मला का नाही?

माणूस गेलाय आणि मी मिनिटं मोजतोय. लाज वाटते. तरी मोजतोय.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल दुपारी कुकडीकाठी सगळं उरकलं. अग्नी आरतीताईने दिला. सरांची एकुलती एक लेक. कुणी कुरकुरलं नाही, कुरकुरलं असतं तर मी होतोच तिथे!

खांद्याला नौशाद पुढच्या दांडीला. घरापासून नदीपर्यंत बदलला नाही. मला तिसऱ्या बदलीत मागची दांडी मिळाली, तीही शंभरेक पावलं.

इंग्रजीचा प्राध्यापक आणि नाव बहिरू! बहिरू धर्माजी कोरडे. पहिल्या तासाला फळ्यावर पूर्ण नाव लिहायचे आणि म्हणायचे, "आता एकदाच काय ते हसून घ्या. मग वर्षभर शिकू." नाव कधी आद्याक्षरांत आखडलं नाही. पुण्याच्या कॉलेजांनी दोनदा बोलावलं, गेले नाहीत. सकाळी कांद्याला पाणी, दुपारी इंग्रजी कविता. वाटेत एसटी थांबली तर चहाच्या टपरीवरच्या पाटीतलं इंग्रजी खिशातल्या खडूने दुरुस्त करायचे. टपरीवाले चिडायचे आणि चहा पाजायचे.

पुस्तक द्यायचे, पण अट घालून: "परत आणताना भांडण घेऊन ये. नुसतं आवडलं म्हणालास तर पुढचं मिळणार नाही." मी इतकं वाचलं ते त्या भांडणांपायी. आज दोन्ही तालुक्यांत, जुन्नर-आंबेगावात, माझ्या भाषणाला माणसं मैदान भरून बसतात, त्याच्या मुळाशी तो माणूस आहे.

मग 'माझे सर' म्हणायचा हक्क कुणाचा?

१० फेब्रुवारी, सोमवार

तीन ठिकाणांहून फोन. "भगवंतभाऊ, सरांवर लिहून द्या, ती वर्गातली गोष्ट घ्याच." ती गोष्ट! तीस वर्षं सांगतोय. शाळांत, गणपतीत, शिवजयंतीला. आता पाठ नाही, अंगात भिनली आहे.

बारावी होऊन कॉलेजात आलो ते साल ब्याण्णव. सर म्हणाले, घरातल्या एका माणसाबद्दल इंग्रजीत चार वाक्यं बोला. मी उभा राहिलो. "माय फादर..." आणि पुढे शब्दच नाही. मागून कुणीतरी हसलं आणि अख्खा वर्ग फुटला. सर रागावले नाहीत. खडू ठेवला, खाली आले, बाकावर शेजारी बसले. म्हणाले, "सांगायचंय ना? मग आधी आपल्या भाषेत सांग. आम्हाला घाई नाही." आणि थांबले. किती वेळ थांबले! मग बोलणं आलं ते आलं.

डोळे मिटले की अजून समोर दिसतं. सरांची वाकलेली पाठ, कोटावर खडूचा पांढरा पट्टा. शर्टाच्या कॉलरच्या वर लाल झालेला कान.

सर व्यासपीठावर असताना ही गोष्ट पाचसहा वेळा तरी सांगितली. ते मान खाली घालून ऐकायचे. एकदा उतरताना विचारलं, "सर, आठवतं ना?" म्हणाले, "वर्ग आठवतो. चांगलं सांगतोस तू." एवढंच. कौतुकाच्या बाबतीत भलता चिक्कू माणूस.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बोरीला गेलो. रविवारी दशक्रिया. आरतीताईच्या हातात यादी, श्रद्धांजली कोण कोण वाहणार त्याची. अकरा नावं. सोसायटीचा चेअरमन, कारखान्याचे दोन संचालक, झेडपीला उभं राहू पाहणारा एक. माझं नाव नाही!

मी म्हटलं, "ताई, काही राहिलं का?"

"काय राहिलं, दादा?"

"माझं नाव."

"तुमचं कसं घालू? तुम्हीच तर गावोगाव सांगितलंय, दशक्रियेला बोलणार नाही म्हणून. पप्पांनी तुमचा तो लेख कापून ठेवलाय. ते म्हणायचे, भगवंताचा शब्द आहे, कुणी त्याला गळ घालू नका."

झालं! सहा वर्षांपूर्वी मीच तो लेख लिहिला होता. आपल्याकडे माणूस मेला की दहाव्या दिवशी त्याच्या पिंडासमोर पुढारी माइक धरून स्वतःचा प्रचार करतात, कावळा बिचारा भाषण संपायची वाट बघतो, मी या व्यासपीठावर पाय ठेवणार नाही. टाळ्या पडल्या होत्या. अजूनही एक एक शब्द मला मान्य आहे.

पण सरांच्या दशक्रियेला?

"घरातर्फे नौशादकाका बोलतील," आरतीताई म्हणाली.

सरांच्या पत्नी, काकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्यो काय बोलतोय, लई लाजरा हाय. पर ह्यांनीच सांगून ठेवलं व्हतं. म्हनं माझ्या माघारी नौशादनी बोलायचं."

सरांनी सांगून ठेवलं. नौशादनी बोलायचं.

नौशाद कागदी! आमच्याच वर्गात होता, वर्षात कॉलेज सोडलं. बाप गेला म्हणून दुकानात बसला. वह्या शिवतो, पुस्तकांना पुठ्ठे लावतो. चार माणसांत तोंड उघडत नाही. त्याने बोलायचं आणि मी समोर मांडी घालून ऐकायचं!

घरी, निमगावपर्यंत गाडी चालवत आलो, वाटेत कोण कोण भेटलं आठवत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कारण काढून जुन्नरला गेलो. खरं कारण इथेच लिहितो: दुकान बघायचं होतं. सर दर गुरुवारी अकराच्या एसटीने तिथे जायचे, हे मला आजवर फक्त ऐकून ठाऊक. मला वाटायचं, पुस्तकं बांधायला.

रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. नौशाद खाली बसून दाभणाने पानं शिवत होता. शेजारी लाकडी खुर्ची. खुर्चीवर निळी उशी, मधोमध दबलेली, बसणाऱ्याच्या मापाची. समोर उघडं इंग्रजी पुस्तक, त्यावर चष्मा. गिऱ्हाईक आलं तर नौशादने त्याला स्टूल दिलं. खुर्ची दिली नाही.

शेजारच्या गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सर व्हय? लई वर्षं झाली राव. त्ये वाचायचे, मग ह्यो वाचायचा. येक पान त्येंचं, येक ह्याचं. आमाला काय कळत नव्हतं, पर ऐकायला ब्येस वाटायचं."

तीस वर्षांचे गुरुवार! मला काय मिळालं? वर्षातून एकदा व्यासपीठावर शेजारची खुर्ची आणि 'चांगलं सांगतोस'.

आत गेलो नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चार मिनिटांचं भाषण तयार आहे. कुणी बोलावलेलं नाही.

इंदूने कागद पाहिला. म्हणाली, "तुमचा तो लेख मीच टाइप केला होता, आहे ना लक्षात?" बायको आहे की विरोधी पक्ष!

१६ फेब्रुवारी, रविवार

आठ वाजता घाट भरला. महाराजांचं प्रवचन झालं. मग माइकवर गोरखशेठ, सूत्रसंचालन त्यांच्याकडे. एकेकाचं नाव, एकेकाची तीच वाक्यं. झेडपीवाल्याने सरांना 'गणिताचे गाढे अभ्यासक' केलं! मागे कुणीतरी खुसखुसलं. माझं रक्त उकळलं. हेच, हेच तर मी लिहिलं होतं!

गोरखशेठने "आता कुटुंबाच्या वतीने..." म्हणेपर्यंत मी उठलो होतो. चालत गेलो आणि माइक घेतला.

मागून आवाज आला, "काय राव, भाऊंनी तर सोडलं व्हतं की!"

मी म्हटलं, "सोडलं होतं. आज मोडतोय. गुरूसाठी मोडतोय!" आणि गोष्ट सांगितली. अशी कधी जमली नव्हती. 'माय फादर' म्हणून थांबलो तेव्हा नदीचा आवाज ऐकू येत होता. बाया डोळे पुसत होत्या. आरतीताई रडली. काकू मात्र माझ्याकडे न बघता नौशादकडे बघत होत्या.

मग नौशाद. खिशातून कागद काढला. दोन्ही बाजूंनी भरलेला, मला दिसलं. माइकसमोर उभा राहून वाचायला लागणार, तेवढ्यात थांबला. कागदाची घडी केली. परत खिशात.

"मला जे सांगायचं व्हतं त्ये भगवंतभाऊंनी सांगितलं. माज्यापेक्षा लई चांगलं सांगितलं. सर, सलाम."

संपलं! उतरला.

त्याच्याजवळ सांगायला काहीच नव्हतं! तीस वर्षांचे गुरुवार आणि तीन वाक्यं. मी जिंकलो. घाटाच्या पायऱ्या चढताना पाय हलके झाले होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बेचाळीस फोन. कालचा व्हिडिओ आंबेगावच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. नौशादचा फोन नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. तीन गावं, तीन भाषणं, घसा बसला.

संध्याकाळी आरतीताईला फोन केला. सरांची एक सवय मला ठाऊक होती. कॉलेजची हजेरी वेगळी, त्यांचं स्वतःचं रजिस्टर वेगळं. त्यात हजेरी इंग्रजीत आणि प्रत्येकाच्या नावापुढे शेरा मराठीत. आमचं ब्याण्णवचं रजिस्टर मला हवं आहे. माझ्या नावापुढे सरांनी त्या दिवशी काय लिहिलं? तोंडाने कधी बोलले नाहीत, कागदावर तरी बोलले असतील.

"सगळी रजिस्टरं नौशादकाकांकडे आहेत," ती म्हणाली. "बांधायला दिली होती. पप्पा म्हणाले, राहू देत तुझ्याकडेच."

तेही त्याच्याकडेच!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो दुकानात. नौशाद उठून उभा राहिला. "या भाऊ." माझ्यासाठी स्टूल पुसलं. मी मुद्दाम सरांच्या खुर्चीत बसलो. त्याने पुस्तकावरचा चष्मा उचलून ठेवला.

"ब्याण्णवचं रजिस्टर पाहिजे," मी म्हटलं.

"कशाला भाऊ? ऱ्हाऊ द्या. जुना कागद हाय, तुकडं पडत्यात."

"तुझी मालकी आहे का त्यावर?"

"माजी कुटली. सरांची."

"मग दे."

तो दाभणाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, तुमी ती गोष्ट लई चांगली सांगता. सर म्हनायचे, भगवंतामुळं ती गावोगाव पोचली. नायतर इतंच ऱ्हायली असती, ह्या दुकानात."

"मग?"

"मग काय न्हाई. वाचलं न्हाई तरी चालंल, येवडंच म्हनतो."

लपवतोय! मला वाटलं, सरांनी माझ्याबद्दल काही मोठं लिहिलं आहे आणि ते या माणसाला बघवत नाही. तोंडावर म्हणालोही तसं. "जळतोस तू." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आत गेला, रजिस्टर आणलं. लाल कापडी पाठ, नवीन शिवण. पिशवीत घालून दिलं. दारापर्यंत आला.

"सावकास जावा. उसाला तोड चाललीय, बिबट्या दिसतोय दिवसाढवळ्या."

२४ फेब्रुवारी, सोमवार

रजिस्टर टेबलावर आहे. उघडलं नाही. परवा तेरवा उघडीन. पिंपळवंडीच्या शाळेत मराठी भाषा गौरव दिनाचं भाषण आहे, तिथे पहिल्यांदा वाचून दाखवीन. सरांच्या हातचा शेरा, खुद्द!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ वाजता उघडलं. शाळेची गाडी दहाला.

१४ जुलै १९९२. सरांचं बारीक अक्षर.

'नौशाद कागदी: माय फादर म्हणून अडला. शेजारी जाऊन बसलो. मग मराठीत बोलला — वडील कसे आजोबांनी हाताने बनवलेल्या जुन्या कागदाचा वास घेतात ते. इतकं चांगलं या वर्गात कुणी बोललेलं नाही.'

सरांची पाठ. म्हणून मला कायम पाठ दिसते. मी दोन बाक मागे होतो. लाल झालेला कान माझा नव्हता.

खाली माझं नाव.

'भगवंत गाडगे: पहिला हा हसला. केवढा आवाज! पार वर्गाबाहेर ऐकू गेला. ह्याच्यावर रागवायचं नाही. ह्या आवाजाला काम द्यायचं.'

गाडी दारात येऊन उभी आहे. नौशादला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"बोला की भाऊ."

मला पुढे शब्द सुचेना.

त्याने फोन ठेवला नाही. थांबला.