शनिवारचा दम

आये, तू खरी होतीस. हे आधी लिहिते, बाकीचं मागून. मी चौथीपर्यंत शिकलेली, नातीच्या वहीचं पान फाडून घाईनं लिहितेय, कारण आज दवाखान्यात मी खुर्चीतून उडालेच.

माझी धाकटी लेक तुझ्यासारखीच कामतघरच्या यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा ठणठणीत. शनिवारी ड्युटीवरून आली की छाती आवळलेली, श्वासाला शिट्टी. गेल्या शनिवारी माझ्या जिभेवर बाबा तुला ऐकवायचा तेच बोलणं आलं, "दमबी सुट्टी बघून येतो गं तुझा!" आज डॉक्टरीणबाईनं तिला नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त होतं का?" ती तोंड उघडायच्या आत मी ओरडले, "शनिवारी! माझ्या आयलाबी शनिवारीच व्हायचं!" बाई म्हणाली, "आजी, पेशंट कोण आहे?"

मग तिनं हातानं दाखवलं. कापसाची धूळ श्वासाच्या नळ्यांत गेली की नळ्या चिडतात. भोवतीचं मांस परकराच्या नाडीसारखं आवळतं, आतलं अस्तर सुजतं, वर कफ साचतो. वाट उरते सुईच्या नेढ्याएवढी. सुट्टीत जरा मोकळ्या होतात, म्हणून पहिल्या दिवशी धूळ जास्त झोंबते. "आणि गूळ? त्यानं धूळ निघते म्हणतात ना?" मी विचारलं. "गूळ पोटात जातो, आजी. त्या नळीत नाही." घ्या! आख्खा कारखाना जन्मभर गूळ चघळत बसला.

तो शनिवार आठवतो. दुपारच्या जेवणाला तू घरी आलीयेस, उंबऱ्यात बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेयस, गालात गुळाचा खडा. मला म्हणतेस, "मुकादमाला सांग, आज होत न्हाय." थोड्या वेळानं मुकादम दारात. "गूळ खात बसलीस? तुझं नाटक कळलंय मला." तू पदर खोचून कामावर गेलीस. चुगली शेजारणीनं केली म्हणून मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस.

धाकटीला पंप मिळालाय. कांडीवर पुन्हा बसवायची नाही, कापडाच्या घड्या घालायला लावा, असं शेटला मी तोंडावर सांगून आले. तो म्हणाला, "अम्मा, चिल्लाओ मत." मी आणखी चिल्लावले. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

हा कागद तुला कुठून पोचणार, तुझ्या गुळाच्या डब्याखाली ठेवते. पोचत नाही म्हणूनच लिहिते, आये: शेजारीण नव्हती ती. मुकादमाला मीच म्हटलं होतं, "आय नाटक करते."