पहाटे पाचचा तक्ता

४ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. औषधांच्या खिडकीवर एक प्रिस्क्रिप्शन उघडायला चाळीस सेकंद लागतात, रांग जिन्यापर्यंत जाते म्हणाले. हॉस्पिटलचा डेटाबेस सोळा वर्षं मी सांभाळतोय; उशीर का होतो ते मला तोंडपाठ आहे. आम्ही काहीच पुसत नाही. डॉक्टरांनी डोस बदलला की जुनी नोंद तशीच राहते, नवी शेजारी येऊन बसते. चालू नोंदी सहा लाख, जुन्या चार कोटी. एक शोधायची तर सगळा ढीग उपसावा लागतो.
मुदत दहा दिवस. मी म्हटलं, आठ पुरेत.
खिडकीवर बसते ती माझीच बायको. फार्मासिस्ट. घरी आली की गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडते आणि माझ्याकडे बघते. नुसती बघते.

५ मार्च
नवी (तीन महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, साहेबांची लाडकी) म्हणाली, सर, चालू नोंदींपुरतं वेगळं इंडेक्स करू, पुस्तकामागच्या सूचीसारखं. जुन्यांचं तारीख-वेळेवर करू, म्हणजे अमुक क्षणी नोंद कशी होती तेही चटकन सापडेल.
कल्पना वाईट नाही. मला सुचणारच होती. पण अमुक क्षणी काय होतं हे विचारणार कोण? सोळा वर्षांत कुणी विचारलेलं नाही. तिला तसं समजावलं. प्रेमाने.
संकल्प: ज्युनियर लोकांवर चिडायचं नाही.

८ मार्च
माझा उपाय तयार. रोज पहाटे पाचला चालू नोंदींची प्रत एका छोट्या तक्त्यात उतरवायची. खिडकीचा स्क्रीन तेवढंच वाचेल. सुटसुटीत.
नवीने विचारलं, आणि दिवसा डोस बदलला तर?
म्हटलं, दर पाच मिनिटांनी प्रत काढायची सोय मागाहून करतो. यादीत लिहिलंय. यादी ड्रॉवरमध्ये आहे.

११ मार्च
पाव सेकंद! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.
बायको दीड वाजता जेवली. म्हणाली, किती वर्षांनी डबा कोमट तरी होता. संध्याकाळी बादली काढली नाही. हसली माझ्याकडे बघून.
पाच मिनिटांची सोय: येत्या सोमवारी नक्की.

१८ मार्च
सोमवार आला. साहेबांना माझ्या कामावर प्रेझेंटेशन हवंय. स्लाइड्सचे रंग जमेनात. सोय पुढच्या आठवड्यात.

२५ मार्च, दु. ४
खिडकीवर आरडाओरडा. एका आजोबांची मुलगी. त्यांची रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांनी बुधवारी पाच मिलिग्रॅमवरून अडीचवर आणली होती, खिडकीवर मिळाली पाचचीच. नाकातून रक्त थांबेना म्हणून वॉर्डात आणलंय. बायको म्हणाली, मी स्क्रीन बघूनच दिली, पाच होतं. स्क्रीन उघडला. अडीच.
सगळ्यांसमोर.

त्याच दिवशी, ५:१०
लोक गेल्यावर एकट्याने तपासलं. जुन्या नोंदी शोधायच्या क्वेरीला पन्नास मिनिटं लागली, वेळेचं इंडेक्स नाही ना. डोस बदलला बुधवारी ११:१०. गोळ्या दिल्या १२:०५. खिडकीचा तक्ता पहाटे पाचचा.
निष्कर्ष: विषय गुंतागुंतीचा आहे. अनेक घटक असतात. घाईने बोलणं बरं नव्हे.
पाच मिनिटांची सोय करून टाकली. अकरा मिनिटांत झाली.

२६ मार्च
चौकशी होईपर्यंत बायकोला घरी बसवलंय. साहेबांनी विचारलं, सिस्टिम बरोबर आहे ना? म्हटलं, सिस्टिम आज बरोबर आहे. यात खोटं काही नाही.
बायकोने विचारलं, स्क्रीन चुकू शकतो का रे? म्हटलं, बघावं लागेल. ती म्हणाली, मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेनासा झालाय.
उद्या सांगतो.

२७ मार्च
सांगणार होतो. तिचं डोकं दुखत होतं.

२८ मार्च
साहेबांनाच सांगायचं ठरवलं. ते फोनवर होते. दाराबाहेर चांगली दोन मिनिटं थांबलो.

२९ मार्च
बायको वॉर्डात जाऊन आजोबांची माफी मागून आली. मुलीने पाठ फिरवली. आजोबांना रक्त चढवत होते, तरी म्हणाले, असू दे पोरी, होतं एखाद्या वेळी. हे सांगताना तिचा चहा कपातच राहिला.
म्हटलं, बघ, त्यांच्या मनात काही नाही. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.

१ एप्रिल
चौकशी. नवीलाही बोलावलं होतं. तिने डेटाबेसच्या टेस्ट कॉपीवर आपलं ते इंडेक्स करून ठेवलेलं, मला न विचारता. बुधवारी १२:०५ ला खिडकीवर काय दिसत होतं? खिडकीचा तक्ता पहाटेचा, म्हणून तिने त्या पहाटेची नोंद मागितली; दोन सेकंदांत प्रोजेक्टरने भिंतीवर डोस आला. पाच.
बायकोने डोळे मिटून घेतले.
साहेबांनी मला विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? म्हटलं, आत्ताच, साहेब.
बायको म्हणाली, आरडाओरडा झाला त्या सोमवारी हा घरी उशिरा, सातला आला होता. मग नवीकडे वळून तिने विचारलं, हे आधी कुणी शोधलं होतं का, ते कळतं का गं? नवीने माझ्याकडे बघितलं, मग कीबोर्डकडे. सर्व्हर हेही लिहून ठेवतो. २५ मार्च, ५:१०. पुढे माझं नाव.
घरी येताना रिक्षात बायको पुढे ड्रायव्हरजवळ बसली.

८ एप्रिल
बायकोला हॉस्पिटलकडून दिलगिरीचं पत्र मिळालं, ती खिडकीवर परतली. आजोबा घरी गेले. नवीचं इंडेक्स चालू झालं. मला रिपोर्ट विभाग दिलाय, नवीच्या हाताखाली. अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून.
बायकोने दुपारी दोन ते दहाची पाळी मागून घेतली. मी येतो तेव्हा ती नसते, ती येते तेव्हा मी झोपलेला असतो. संध्याकाळी गर्दी असते, जाणतं माणूस लागतं, म्हणून असणार.
आज सातला फोन केला. जेवायला काय करू विचारलं.
म्हणाली, तुझ्यापुरतं कर.