डोक्यावर माती घेऊन

अक्कलकोटनजीक, आत्यांचे घर
वैशाख, सन १९३२

तीर्थस्वरूप गुरुसिद्धप्पामामा यांच्या चरणी भाची सुंदरम्मा हिचे शरणु शरणार्थी, नमस्कार.

आपली प्रकृती, मामींचा खोकला आणि नवी पेठेतील दुकानाचा उंबरा (जो दर पावसाळ्यात खचतो) ही तिन्ही सुस्थितीत असावीत अशी आशा आहे. मी खुशाल आहे. निदान येथील माणसे तसे म्हणतात. मात्र हल्ली ती माझ्याकडे जरा अधिक वेळ पाहतात, आणि मी पाहिले की नजर खाली घालतात. त्याचे कारण कळविण्यासाठी हे पत्र.

अक्कम्माआत्यांना मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, आणि त्यांच्या नावावरची जमीन नावावर राहूनच पायाखालून सरकते आहे, हे आपण जाणताच. शेजारचे संगप्पा दर नांगरटीला बांधाचा थोडा भाग आपल्या शेतात घेतात. (ते स्वतः सज्जन आहेत, खोड बैलांना आहे, असे ते सांगतात.) हद्दीचा दगड पूर्वी होता, आता त्यावर कोणाच्या तरी घरी धुणे धूत असावेत. आत्यांची विहीर एके काळी शेताच्या मध्यावर होती, यंदा ती काठावर आली आहे. पुढच्या नांगरटीला ती संगप्पांची होईल. आणि विहीर गेली की आत्यांनी भावकीच्या दारात भाकरीसाठी उभे राहावे, हे ओघानेच आले.

म्हणून पंचांनी जुना मार्ग काढला : हद्द चालणे. शेतातली माती पाटीत घालून डोक्यावर घ्यायची, आणि अनवाणी, मुक्याने, मागे न पाहता चालायचे. पाय पडतील तो बांध. चालणारा खोटे चालला तर माती त्याला आपल्यात घेते. ही अट ऐकताच साऱ्या गावाला एकाएकी गुडघेदुखी जडली. अखेर बसप्पा पाटील माझ्याकडे वळले.

"ही पोरगी परीक्षेत पहिली आलीया. पुस्तकातली हाय, हिला खोटं बोलाय यायचं न्हाय."

"हिला खरं तरी बोलाय कुटं येतंय?" संगप्पा म्हणाले. "आल्यापास्नं एक शब्द ऐकला न्हाय मी."

"मग झालं की! मुक्यानंच चालायचं हाय."

मामा, मी नाही म्हणणार होते. परंतु त्यासाठी चारचौघांत बोलावे लागले असते.

आत्यांनी मला खुणा पढविल्या : चिंचेपासून निघायचे, जोडबाभळी डाव्या हाताला ठेवायच्या, मग सरळ ओढ्यापर्यंत. मी त्या भूगोलातील नद्यांप्रमाणे पाठ केल्या. वेळ भर दुपारची नेमली होती, कारण तेव्हा आपली सावली पायाखाली असते, आणि मागून कोणी येत असल्यास त्याचीही दिसत नाही. (हे स्पष्टीकरण पाटलांचे, मी मागितले नव्हते.) पाटी डोक्यावर चढविताना कोणीतरी म्हणाले, अंगावर लोखंड चालत नाही, आणि माझा चष्मा उतरवून घेतला. चष्म्यावाचून मला आपण आणि आपल्या दुकानातील लुगड्यांचा गठ्ठा यांत भेद करता येत नाही. (क्षमा असावी.) सारे रान म्हणजे एक काळी, तापलेली परात झाले. जोडबाभळी काही केल्या दिसेनात. मागाहून कळले की संगप्पांनी त्या आदल्याच दिवशी तोडल्या होत्या.

तेव्हा माझ्या पुढे एक बाई चालताना दिसली. बाकीचे सर्व धूसर, ती मात्र स्वच्छ : मळके इरकली लुगडे, डोक्यावर बुट्टी, भेगाळलेल्या टाचा. आत्यांनीच वाट दाखवायला कोणाला धाडले असावे, असे वाटून मला पंचांपुढे फार लाज वाटली. परंतु बोलण्यास मनाई होती, म्हणून मी तिच्या मागे गेले. माझे पाय होरपळत होते. तिच्या पायांखाली एकही ढेकूळ फुटत नव्हते. मला पढविलेली वाट सरळ होती. तिने मात्र संगप्पांच्या नांगरटीत पुष्कळ आत नेले, आणि जेथे काहीच नव्हते अशा ठिकाणी बुट्टी उतरवून ती खाली बसली. बसली ती कमरेपर्यंत जमिनीत बसली. मी तिला वळसा घालून ओढ्यापर्यंत गेले. मागे पाहिले नाही. नियम होता म्हणून, आणि नियम नसता तरीही.

चष्मा परत मिळाल्यावर मी विचारले, त्या बाई कोण? (येथे आल्यापासूनचे माझे हे पहिलेच जाहीर भाषण.) पंच एकमेकांकडे पाहू लागले. रानात माझ्यावाचून कोणीच चालले नव्हते. आत्या तर लिंबाखाली सर्वांच्या डोळ्यांसमोर होत्या. संगप्पांनी एवढेच विचारले, "कुटं बसली?" मी हात केला. ते त्या जागेपर्यंत गेले आणि त्यांनी वहाणा काढल्या. आपल्या लोकांत मृताला आपल्याच रानात बसवून पुरतात. संगप्पांनी आपल्या आईला, बसव्वांना, बांधाला लागून बसविले होते. पुढे बांध सरकविताना वरची माती सपाट झाली, आणि बसव्वा शेताच्या मध्यावर, नांगराखाली आल्या.

"बांधाला टेकून बसवली हुती आईला," ते म्हणाले. "ती हितंच हाय."

याप्रमाणे बांध पूर्वीच्या जागी गेला आणि विहीर आत्यांची राहिली. मामींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लेखनात काही अधिकउणे झाले असल्यास ते उन्हाकडे लावावे.

आपली आज्ञांकित,
सुंदरम्मा

ता. क. एक गोष्ट लिहिण्याची राहिली. काल संगप्पा नारळ घेऊन आले होते. त्यांचे म्हणणे असे की सासू सुनेला वाट दाखवते. तेव्हा त्यांच्या आईने नातसून निवडली आहे. वर त्यांचा मुलगा गुरुलिंग. तो वाईट नाही. बैलांशी आदराने बोलतो, माझ्याशी बोलतच नाही. हे लग्न झाल्यास दोन्ही शेते एकाच घरची होतील आणि आत्यांच्या विहिरीचे भय कायमचे मिटेल. न झाल्यास संगप्पांची श्रद्धा किती दिवस टिकेल, हे मला पाठ्यपुस्तकांत सापडलेले नाही. आत्या हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. विहिरीवर दोर सोडून उभ्या राहतात आणि माझ्याकडे पाहतात. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात माझे नाव घालण्याचे आपण बोलला होता. पत्र पोचताच येऊन मला घेऊन जावे, ही विनंती. आत्यांचे काय होईल, हे मात्र येताना विचार करून यावे; मला सुचत नाही.

दुसरा ता. क. आत्यांनी पत्र वाचून दाखवायला लावले. पहिला ता. क. मी गाळला. त्या म्हणाल्या, "गाळलेलं वाच." वाचले. आता त्या आपणांस सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहिते :

"अण्णा, पोरीला घिऊन जावा. बांधासाठी पोर द्यायला मी काय येडी न्हाय. हाय तवर मी बसते की बांधावर काठी घिऊन. आन मेले तर मला बांधाच्या ह्या अंगाला बसवा, बसव्वाच्या पाठीला पाठ लावून. मग बघू, कुणाचा नांगर सरकतोय."